कर्ट फ्लड : एका क्षेत्ररक्षकाचा दावा

क्रिकेटचें मैदान वाटोळें असतें आणि फलंदाज मध्यभागीं उभा राहून चारी दिशांना चेंडू मारूं शकतो. बेसबॉलचें तसें नाहीं. तेथें फलंदाज मैदानाच्या एका कोंपऱ्यांत उभा राहतो आणि त्याच्यापुढें उघडलेल्या पंख्याप्रमाणें जमीन पसरलेली असते. ह्या पंख्याच्या मुठीपाशीं नव्वद नव्वद फुटांच्या बाजू असलेला एक चौरस असतो आणि त्याच्या आसपास क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचे सहा गडी असतात. उरलेले तिघे त्या चौरसाच्या पलीकडे, दूर हिरवळीवर, डावीकडे, मध्यें आणि उजवीकडे उभे असतात. हे बाहेरचे क्षेत्ररक्षक होत. त्यांतहि मधल्याच्या वांट्याला सर्वांत अधिक जमीन येते. चेंडू बॅटवर बसल्याच्या आवाजावरून आणि त्याच्या पहिल्या झेंपेवरून तो कोठें पडणार हें त्यानें ताडावयाचें, प्रसंगीं चेंडूकडे पाठ करून धांवत सुटावयाचें आणि नेमक्या जागीं वळून तो हातमोज्यांत घ्यावयाचा. हें काम नीट पार पडलें तर तें कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं; चुकलें तर मात्र वर्षानुवर्षें सांगितलें जातें.

कर्टिस चार्ल्स फ्लड हा असा मधला क्षेत्ररक्षक होता. सेंट लुई शहराच्या ‘कार्डिनल्स’ ह्या संघाकडून तो १९५८ पासून १९६९ पर्यंत बारा हंगाम खेळला. अमेरिकेंत त्याचें नांव आज घेतलें जातें तें मात्र त्यानें घेतलेल्या झेलांसाठीं नव्हे, तर त्यानें लावलेल्या आणि हरलेल्या एका दाव्यासाठीं. तो दावा समजण्यास आधीं तो माणूस कोण होता आणि ह्या खेळाचा धंदा कसा चालत असे, हें पाहिलें पाहिजे.

फ्लडचा जन्म १८ जानेवारी १९३८ रोजीं टेक्सस संस्थानांतील ह्यूस्टन शहरीं झाला. तो लहान असतांनाच हें कृष्णवर्णीय कष्टकरी कुटुंब पश्चिम किनाऱ्यावरील ओकलंड येथें राहावयास गेलें. तेथें जॉर्ज पाउल्स नांवाच्या एका शिक्षकानें वस्तींतील मुलांना बेसबॉल शिकविण्याचें व्रत घेतलें होतें. त्याच्या हाताखालून फ्रँक रॉबिन्सन, व्हाडा पिन्सन आणि कर्ट फ्लड असे तीन क्षेत्ररक्षक निघाले आणि तिघेहि पुढें सर्वोच्च श्रेणींत गाजले. एका शिक्षकाच्या पदरीं एवढें यश क्वचित् पडतें. आणि पगारपत्रकांत त्याची नोंद होत नाहीं, हेंहि सगळीकडे सारखेंच!

सर्वोच्च श्रेणीच्या बेसबॉलमध्यें कृष्णवर्णीय खेळाडूला मज्जाव असे. ही बंदी १९४७ सालीं जॅकी रॉबिन्सन ह्यानें मोडली, तेव्हां फ्लड नऊ वर्षांचा होता. १९५६ सालीं शाळा संपतांच सिनसिनाटीच्या संघानें चार हजार डॉलर देऊन फ्लडला करारबद्ध केलें आणि शिकाऊ म्हणून दक्षिणेकडील खालच्या श्रेणीच्या संघांत धाडलें. दार उघडलें होतें. परंतु आंत जाणाऱ्याला वागणूक कशी मिळे, तें ह्या दोन वर्षांत त्याला कळलें. संघ प्रवासांत जेवणासाठीं थांबला म्हणजे गोरे गडी उपाहारगृहांत जात आणि त्याला मागल्या दारीं उभें राहावें लागे. उतरावयाची जागा निराळी. एकदां एकाच दिवशीं दोन सामने होते. पहिला आटोपल्यावर सर्वांनीं घामानें भिजलेले कपडे धुण्यासाठीं एका ढिगांत टाकले. फ्लडनेंहि आपले टाकले. व्यवस्था पाहणाऱ्या माणसानें त्याचे कपडे काठीच्या टोंकानें उचलून बाजूला काढले आणि कृष्णवर्णीयांच्या धोब्याकडे निराळे पाठविले. ते परत येईपर्यंत दुसरा सामना खोळंबला आणि हा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा उघड्या अंगानें बसून राहिला. फ्लडनें पुढें ही हकीकत स्वतः सांगितली आहे. काठीच्या टोंकानें कपडे उचलण्याची ही रीत आपल्याकडील वाचकाला निराळी समजावून द्यावी लागेल, असें वाटत नाहीं.

अशा स्थितींतहि पहिल्याच वर्षीं उत्तर कॅरोलिनांतील संघाकडून त्याची फलंदाजीची सरासरी हजारीं ३४० झाली. बेसबॉलमध्यें हजारीं तीनशें, म्हणजे दहा प्रयत्नांत तीन वेळां यश, ही उत्तम फलंदाजाची खूण मानितात. असें असूनहि १९५७ च्या डिसेंबरांत सिनसिनाटीनें त्याला देऊन टाकलें. तीन गोलंदाजांच्या बदल्यांत तो आणि आणखी एक खेळाडू सेंट लुईच्या हवालीं झाले. त्याला विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न कां नव्हता, हें सांगणें येथें अवश्य आहे. १८७९ सालीं अमेरिकेंतील संघमालकांनीं आपसांत गुप्तपणें ठरविलें कीं, प्रत्येक मालकानें आपले पांच खेळाडू ‘राखीव’ म्हणून जाहीर करावेत आणि दुसऱ्या कोणी त्यांना बोलावूं नये. खेळाडूंचे पगार वाढूं नयेत हा हेतु त्यामागें होता. पुढें ही तरतूद सर्व खेळाडूंना लागू झाली आणि प्रत्येकाच्या छापील करारांत शिरली. कराराची मुदत दिसावयास एक वर्षाची. परंतु वर्ष संपल्यावर खेळाडूनें नव्या करारावर सही केली नाहीं, तर जुना करार आणखी एक वर्ष चालू ठेवण्याचा हक्क संघाला असे. चालू ठेवलेल्या करारांतहि तेंच कलम असल्यामुळें, मालकांच्या मतें, तो पुढल्या वर्षीं पुन्हा चालू ठेवतां येई. ह्याप्रमाणें एकदां सही केलेला मुलगा खेळ सोडीपर्यंत त्याच संघाचा होऊन बसे. संघाला मात्र त्याला विकण्याची, दुसऱ्याशीं बदलण्याची किंवा काढून टाकण्याची मुभा होती. आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरीं वर्षाच्या बोलीनें राहणारा सालगडी असतो. निदान बोलीप्रमाणें तरी पाडव्याला तो दुसरा मालक पाहूं शकतो. बेसबॉलपटूच्या नशिबीं तो पाडवा नव्हता.

सेंट लुईला फ्लडचा जम बसण्यास कांहीं वर्षें लागलीं. पण बसला तो पक्का. उंची पांच फूट नऊ इंच, बांधा हलका, पाय चपळ आणि अंदाज बिनचूक. १९६३ पासून १९६९ पर्यंत ओळीनें सात वर्षें उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा ‘सुवर्ण हातमोजा’ त्याला मिळाला. १९६६ च्या संबंध हंगामांत त्याच्या नांवावर एकहि चूक लागली नाहीं. १९६५ च्या अखेरीस सुरू झालेली ही बिनचूक खेळाची मालिका १९६७ च्या उन्हाळ्यापर्यंत सलग २२६ सामने टिकली. फलंदाजींत सहा हंगामांत त्यानें हजारीं तीनशेंची मर्यादा ओलांडली आणि साऱ्या कारकीर्दीची सरासरी २९३ राखली. त्याच्या संघानें १९६४ सालीं न्यूयॉर्कच्या ‘यांकीज’ संघाला आणि १९६७ सालीं बोस्टनला हरवून विश्वमालिका जिंकली.

१९६८ ची विश्वमालिका डेट्रॉइटशीं होती. सात सामन्यांपैकीं सहा होऊन तीन-तीन अशी बरोबरी झालेली. १० ऑक्टोबर रोजीं सेंट लुई येथें शेवटचा सामना सुरू झाला आणि सहा डाव संपेपर्यंत कोणाचीच धांव झाली नाहीं. सातव्या डावांत डेट्रॉइटचे दोन गडी बाद आणि दोन गडी ठाण्यांवर उभे असतांना जिम नॉर्थ्रप ह्यानें मधल्या मैदानांत जोराचा फटका मारला. फ्लड पहिल्या क्षणीं पुढें झेंपावला. चेंडू खोल जात आहे हें ध्यानांत येतांच तो मागें वळला. वळतांना पाय सरकला आणि चेंडू डोक्यावरून गेला. दोन धांवा झाल्या. सामना गेला, मालिका गेली. दोषाचा वांटा फ्लडनें दुसऱ्या कोणावर टाकला नाहीं.

पुढल्या वर्षीं त्याचा पगार ९० हजार डॉलर होता. त्या काळच्या मानानें ही मोठी रक्कम. फारच थोड्या खेळाडूंना तेवढी मिळे. ८ ऑक्टोबर १९६९ रोजीं पहांटे त्याच्या घरचा टेलिफोन वाजला. संघाच्या कचेरींतील एका मधल्या दर्जाच्या अधिकाऱ्यानें त्याला थोडक्यांत सांगितलें कीं, त्याचा सौदा फिलाडेल्फियाशीं झाला आहे. टिम मॅकार्व्हर आणि आणखी दोन खेळाडू त्याच्यासोबत जाणार होते. बदल्यांत डिक ॲलन, कुकी रोहास आणि जेरी जॉन्सन सेंट लुईकडे येणार होते. बारा वर्षें चाकरी केलेल्या माणसाला मालकानें समोर बोलावून दोन शब्द सांगण्याचीहि तसदी घेतली नव्हती.

फ्लड तेव्हां एकतीस वर्षांचा होता. सेंट लुईंत त्याचें घर होतें, धंदा होता, स्नेही होते. फिलाडेल्फियाचे प्रेक्षक कृष्णवर्णीय खेळाडूंशीं कसे वागतात, हें सर्वांस ठाऊक होतें. ॲलन तेथून सुटण्यासाठींच धडपडत होता. फ्लडपुढें दोनच वाटा होत्या : जाणें किंवा खेळ सोडणें. त्यानें तिसरी काढली. खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख मार्व्हिन मिलर ह्याला भेटून आपण न्यायालयांत जाणार असल्याचें त्यानें सांगितलें. मिलर हा पोलाद कामगारांच्या चळवळींत मुरलेला माणूस. त्यानें फ्लडला उत्तेजन देण्याऐवजीं भीतीच घातली. दावा बहुधा हरशील. जिंकलास तरी त्यास वर्षें लागतील आणि तोंवर तुझे खेळण्याचे दिवस संपतील. पुढें कोणताहि संघ तुला शिक्षक म्हणूनहि ठेवणार नाहीं, असें त्यानें बजावलें. इतर खेळाडूंचें आणि पुढें येणाऱ्यांचें ह्यानें भलें होईल काय, एवढेंच फ्लडनें विचारलें. होईल, असें मिलर म्हणाला. मग तेवढें पुरे, असें फ्लडचें उत्तर होतें. डिसेंबरांत प्वेर्तो रिको बेटांतील सान हुआन येथें संघटनेची बैठक भरली. तेथें खेळाडूंच्या प्रतिनिधींनीं त्याची उलटतपासणी घेऊन एकमतानें पाठिंबा दिला. संघटनेनें वकिलाचा खर्च उचलला. वकील मिळाले तेहि नांवाजलेले : सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ति आर्थर गोल्डबर्ग.

नाताळच्या आदल्या दिवशीं, २४ डिसेंबर १९६९ रोजीं, फ्लडनें बेसबॉलचे आयुक्त बोवी कून ह्यांस एक छोटें पत्र लिहिलें. सर्वोच्च श्रेणींत बारा वर्षें घालविल्यावर आपल्या इच्छेची पर्वा न करितां विकत घेण्याची वा विकण्याची मालमत्ता आपण आहों असें आपणांस वाटत नाहीं. इतर संघांकडून येणाऱ्या मागण्यांचा विचार करण्याचा आपणांस हक्क आहे. तरी त्या संघांस तसें कळवावें, असा त्यांतील आशय होता. भाषा नम्र, एकहि शब्द कडू नाहीं. कून ह्यांचें उत्तरहि नम्र होतें. माणूस ही विकाऊ वस्तु नव्हे हें आपणांस मान्य आहे, परंतु त्याचा येथें संबंध काय, तें कळत नाहीं, असें त्यांनीं कळविलें आणि कराराकडे बोट दाखविलें.

दावा जानेवारी १९७० मध्यें न्यूयॉर्कच्या संघराज्यीय न्यायालयांत दाखल झाला. वर्षाला ९० हजार डॉलर घेणाऱ्यानें गुलामगिरीची भाषा करावी, ह्याचा वर्तमानपत्रांतून पुष्कळ उपहास झाला. दूरचित्रवाणीवरील मुलाखतींत हाच प्रश्न आला तेव्हां, भरपूर पगार मिळणारा गुलाम असला तरी तो गुलामच, असें फ्लडनें सांगितलें. हें उत्तर अनेकांना झोंबलें. ९० हजार डॉलर हें वेतन होतें, किंमत नव्हती. किंमत ठरविणारे दोघे मालक निराळेच होते आणि त्या व्यवहाराचा एक पैसाहि विकल्या जाणाऱ्याच्या हातीं पडत नसे. एवढा साधा भेद टीकाकारांच्या ध्यानांत येऊं नये, ह्याचें आश्चर्य वाटतें. फ्लड फिलाडेल्फियाला गेला नाहीं, म्हणून सेंट लुईनें सौदा पुरा करण्यासाठीं त्याच्या जागीं विली मोंतान्येझ नांवाचा एक तरुण खेळाडू पाठवून दिला. दुकानदार फुटलेल्या घागरीऐवजीं दुसरी देतो, तसेंच हें झालें.

मे १९७० मध्यें सुनावणी झाली. जॅकी रॉबिन्सन प्रकृति खालावलेली असतांनाहि साक्षीस आला. हँक ग्रीनबर्ग हा जुना नामांकित खेळाडूहि आला. परंतु त्या वेळीं खेळत असलेला एकहि खेळाडू, साक्षीदार म्हणून नव्हे तर नुसता प्रेक्षक म्हणूनहि, न्यायालयांत फिरकला नाहीं. पाठिंब्याचा ठराव एकमतानें करणारेच हे लोक. त्यांना आपापल्या भाकरीची धास्ती होती. ती समजण्यासारखी असली तरी फ्लडला हा एकटेपणा फार लागला, हें त्याच्या पुढील उद्गारांवरून दिसतें.

आतां कायद्याचा मुद्दा. अमेरिकेंत १८९० पासून मक्तेदारीविरुद्ध कायदा आहे. निरनिराळ्या संस्थानांत चालणाऱ्या व्यापारांत व्यापाऱ्यांनीं संगनमत करून स्पर्धा मारूं नये, असा त्याचा मतलब. सर्व संघमालकांनीं मिळून खेळाडूंची बाजारपेठ बंद करणें हें अशा संगनमताचें उघड उदाहरण दिसतें. परंतु १९२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, न्यायमूर्ति होम्स ह्यांच्या मुखानें, असें ठरविलें होतें कीं बेसबॉलचा सामना हा त्या त्या गांवीं होणारा स्थानिक खेळ आहे. त्यासाठीं खेळाडू एका संस्थानांतून दुसऱ्यांत जातात हें केवळ आनुषंगिक. सबब हा आंतरसंस्थानीय व्यापार नव्हे. १९५३ सालीं, म्हणजे रेडिओ व दूरचित्रवाणीमुळें खेळाचा व्यापार देशभर पसरल्यावरहि, न्यायालयानें जुना निर्णय कायम ठेवला. चमत्कारिक गोष्ट अशी कीं, त्याच न्यायालयानें १९५५ सालीं मुष्टियुद्धाला आणि १९५७ सालीं अमेरिकन फुटबॉलला हा कायदा लागू होतो, असें ठरविलें. म्हणजे सर्व खेळ व्यापार आणि बेसबॉल तेवढा केवळ खेळ!

खालच्या दोन्ही न्यायालयांत फ्लड हरला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९ जून १९७२ रोजीं लागला, तोहि पांच विरुद्ध तीन मतांनीं त्याच्या उलट. नववे न्यायमूर्ति पॉवेल ह्यांच्याजवळ सेंट लुई संघाच्या मालकाच्या मद्य-कंपनीचे भाग असल्यामुळें ते बाजूस राहिले. गोल्डबर्ग ह्यांचा युक्तिवादहि फिका पडला, असें जाणत्यांचें मत आहे. बहुमताचा निकाल न्यायमूर्ति ब्लॅकमन ह्यांनीं लिहिला. त्याचा आरंभ बेसबॉलच्या पूर्वेतिहासाच्या स्तुतीनें आणि गतकाळच्या ऐंशींहून अधिक खेळाडूंच्या नामावळीनें होतो. बहुमतांतील दोघां न्यायमूर्तींनीं तेवढ्या भागाला आपली संमति दिली नाहीं, ह्यावरून तो कितपत अप्रस्तुत होता, हें कळून येईल. पुढें मात्र न्यायालयानें स्पष्ट कबूल केलें कीं, बेसबॉल हा आंतरसंस्थानीय व्यापार आहे आणि त्याला मिळालेली सूट ही विसंगति आहे. तरीहि पन्नास वर्षें चालत आलेली गोष्ट न्यायालयानें मोडूं नये, मोडावयाची तर कायदेमंडळानें मोडावी, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. चूक आहे हें खरें, पण जुनी आहे, म्हणून राहूं द्या, असाच ह्याचा अर्थ. न्यायमूर्ति डग्लस, ब्रेनन आणि मार्शल ह्यांनीं विरुद्ध मत नोंदविलें.

निकाल लागला त्या वेळीं फ्लड देशांतहि नव्हता. १९७० चा सारा हंगाम त्यानें खेळावांचून काढला. १९७१ मध्यें वॉशिंग्टनच्या संघानें १ लाख १० हजार डॉलर देऊन त्याला बोलावलें. पण एक वर्ष खंड पडलेला, मन विटलेलें, टपालानें येणारीं धमकीचीं व शिव्यांचीं पत्रें. अवघ्या १३ सामन्यांनंतर तो एके दिवशीं निघून गेला. स्पेनच्या मायोर्का बेटावर त्यानें एक मद्यगृह चालविलें आणि त्या मद्यानें त्यालाहि सोडलें नाहीं. मिलरनें वर्तविलेलें सारें खरें झालें होतें. कांहीं वर्षांनीं तो ओकलंडला परतला. तेथें त्यानें एक हंगाम रेडिओवर सामन्यांचें समालोचन केलें, मुलांच्या बेसबॉलची व्यवस्था पाहिली आणि हळूहळू दारूच्या विळख्यांतून सुटला.

इकडे कलमाची मुळें हललीं होतीं. दाव्यामुळें लोकांपुढें आलेली गोष्ट मालकांना झांकून ठेवतां येईना. १९७० च्या करारांत तंट्यांचा निकाल त्रयस्थ लवादाकडे देण्याचें मालकांनीं मान्य केलें होतें. १९७३ सालीं असें ठरलें कीं, सर्वोच्च श्रेणींत दहा वर्षें आणि त्यांपैकीं शेवटचीं पांच एकाच संघांत काढलेल्या खेळाडूचा सौदा त्याच्या संमतीवांचून करतां येऊं नये. हा नियम १९६९ सालीं असता तर फ्लडला न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती. १९७५ सालीं अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली ह्या दोन गोलंदाजांनीं करारावर सही न करितां हंगाम काढला आणि आपण मोकळे झालों असें सांगितलें. २३ डिसेंबर १९७५ रोजीं पीटर साइट्झ ह्या लवादानें त्यांच्या बाजूनें निर्णय दिला : जुना करार एक वर्ष चालू ठेवतां येतो म्हणजे एकच वर्ष. मालकांनीं साइट्झला ताबडतोब काढून टाकलें. निर्णय मात्र न्यायालयांत टिकला. १९७६ सालीं खेळाडूंचा सरासरी पगार सुमारें ५१ हजार डॉलर होता. १९९२ सालीं तो दहा लाखांच्या वर गेला.

२० जानेवारी १९९७ रोजीं, वयाला एकुणसाठ वर्षें पुरीं होऊन दोन दिवस झाले असतांना, घशाच्या कर्करोगानें लॉस एंजलिस येथें फ्लडचा अंत झाला. त्याच महिन्यांत बेसबॉलची कायदेशीर सूट काढून घेण्याचें विधेयक अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहांत आलें होतें. त्याला २१ हा क्रमांक दिला होता, कारण फ्लडच्या पाठीवर तोच आंकडा असे. २७ ऑक्टोबर १९९८ रोजीं अध्यक्ष क्लिंटन ह्यांच्या सहीनें ‘कर्ट फ्लड कायदा’ अमलांत आला. सर्वोच्च श्रेणीच्या खेळाडूंच्या नोकरीपुरता मक्तेदारीविरुद्ध कायदा बेसबॉलला लागू झाला. खालच्या श्रेणीचे खेळाडू आणि इतर पुष्कळ गोष्टी त्यांतून वगळल्याच गेल्या. फ्लडनें नाताळच्या आदल्या दिवशीं लिहिलेलें पत्र खटल्याच्या कागदपत्रांबरोबर अमेरिकेच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत जपून ठेविलेलें आहे.

कूपर्सटाउन गांवीं बेसबॉलपटूंचें एक कीर्तिमंदिर आहे. तेथें प्रवेश मिळण्यास पत्रकारांचीं शेंकडा पंचाहत्तर मतें पडावीं लागतात. फ्लडला १९९६ सालीं, म्हणजे त्याच्या शेवटच्या संधींत, शेंकडा पंधराच्या आसपास पडलीं. जुन्या खेळाडूंसाठीं एक निराळी समितीहि असते. ज्याच्या बदल्यांत फ्लडचा सौदा झाला त्या डिक ॲलनची, मृत्यूनंतर चार वर्षांनीं, डिसेंबर २०२४ मध्यें ह्या समितीनें निवड केली. २०२५ च्या अखेरीपर्यंत फ्लडचें नांव तेथें लागलेलें नव्हतें.